दोन पत्ते, एक सर्व्हर आणि माझा मत्सर

परवा मंगळवारी, भोरच्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात, मला सुनंदाबाईंचा मत्सर वाटला... तो अद्याप ओसरलेला नाही, म्हणूनच हे लिहितो आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून संस्थेचा सर्व्हर आणि त्याच्यापुढची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना पारखून आत सोडणारे यंत्र, मीच सांभाळतो. मानधन घेत नाही... मान मात्र घेतो.

वसतिगृह-प्रवेशाचे अर्ज याच सर्व्हरवर भरले जातात. यंदा संस्थेच्या वेबसाइटला नवा इंटरनेट-पत्ता मिळाला; भोरचे अर्ज त्यावरून येत. वेल्ह्याकडे वाटलेल्या माहितीपत्रकांवरील क्यूआर कोडात मात्र जुनाच पत्ता होता. त्यामुळे दोन्ही चालू राहणे आवश्यक होते.

मी नवा पत्ता सर्व्हरला जोडला... वेल्ह्याचे अर्ज बंद. जुना पुन्हा जोडला... भोरचे बंद. आणि मुदत त्याच दिवशी सायंकाळी सहापर्यंत!

अध्यक्षांना मी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, की एका सर्व्हरला बाहेरचा एकच पत्ता जोडता येतो. यंत्राचा नियमच तसा आहे. माझ्या वहीत तसे सुवाच्य अक्षरांत लिहिलेलेही आहे.

ती टिपणे आधीच्या यंत्राची होती. यंत्र बदलले... वही बदलली नाही.

सुनंदाबाई आमच्या वेल्हे शाखेत लिपिक आहेत. तेवीस मुलींचे अर्ज अडकले, तेव्हा फोनवरचे माझे विवेचन अर्धवट सोडून त्या नसरापूरला एसटी बदलून थेट भोरला आल्या. वाटेत त्यांनी मोबाईलवर यंत्राची माहितीपुस्तिका वाचली होती... इंग्रजीतली.

"आप्पा, दोनी पत्त्यांवरनं आत येऊ द्या. सर्व्हर आपनहून भायेर जाईल तवा मातुर त्यानं एकच पत्ता वापरायचा. तुमी दोनीकडं आत-भायेर सगळंच लावताय, म्हनून भांडत्यात ती."

"असे होत नसते, बाई."

"न्हाई झालं तर पुसून टाका की! काळ्या दगडावरची रेघ हाय व्हय ती?"

खुर्चीत मी, कीबोर्ड माझ्यापुढे, आणि सांगणार त्या... जुना पत्ता ये-जा करण्यासाठी ठेवला, नवा केवळ आत येण्यासाठी. पाच मिनिटांत दोन्हीकडचे अर्ज येऊ लागले. जो ज्या पत्त्याने आला, त्याला उत्तरही त्याच पत्त्यावरून जात होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र एवढेच पाहत राहिलो, की त्यांच्या बोलण्यात धड एकही वाक्य प्रमाण नव्हते... आणि चूक एकही नव्हती.

सहा वाजण्यापूर्वी सर्व मुलींचे अर्ज पोहोचले. त्यानंतर अध्यक्षांनी संस्थेच्या ग्रुपवर लिहिले, की आप्पांनी पुन्हा एकदा करून दाखवले. खाली फुले, टाळ्या, जोडलेले हात... मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे 'धन्यवाद' लिहिले.

सुनंदाबाईंनीही लिहिले, 'अभिनंदन आप्पा'. त्यात मी टोमणा शोधला... सापडला नाही. सापडला असता, तर बरे वाटले असते.

दोन ओळींची कबुली द्यायला मला दोन दिवस लागले. आज सकाळी ग्रुपवर लिहिले, की युक्ती सुनंदाबाईंची होती आणि मी तिला अशक्य म्हटले होते. यंत्राचा पासवर्ड यापुढे त्यांच्याकडेही असावा, असेही अध्यक्षांना कळवले... तो आजवर मी कोणालाही दिलेला नाही.

लगेच सुनंदाबाईंचा फोन आला. "आप्पा, कशापाई लिवलंत? आता समदी शाखा आपापला मोबाईल घिऊन माज्यापुढं उभी ऱ्हायलीय!"

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले... आज अडचण घेऊन मला कोणाचाही फोन आलेला नव्हता.

सुनंदाबाई, त्या मुलींच्या वतीने आपले आभार आजच मानतो. माझ्या वतीने मानण्यास मात्र थोडा अवधी द्यावा.