कंटाळवाणं म्हणजे माझ्यासारखं

चीनमधल्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. काल ‘स्टेड’ हा शब्द आला. मी समजावलं, “प्रतिष्ठित, नेमस्त, पण कंटाळवाणा माणूस.”

लिन आनंदून म्हणाली, “म्हणजे तुमच्यासारखा, मॅडम!”

माझा चेहरा उतरला. पडद्याच्या कोपऱ्यात माझा घट्ट अंबाडा मलाच दिसत होता.

लिन गोंधळली. “आमच्याकडे अशा माणसावर डोळे मिटून विसंबतात. मी कौतुकच केलं!”

आपण ज्याला नाक मुरडतो, त्याचा कुणाला एवढा आधार वाटावा?

संध्याकाळी नवऱ्याला हे सांगितलं, तो हसेल म्हणून. तो हसला नाही. “बरोबर आहे तिचं. म्हणून तर तुला मागणी घातली.”

आणि मी इतकी वर्षं समजत होते, तो माझ्या गाण्यावर भाळला!