श्रावणातली कॅप्सूल

शिरगावात आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याइतका कडक श्रावण कोणी पाळत नाही. गटारीला मटणावर आडवा हात मारायचा आणि दुसऱ्या दिवसापासून कांदा-लसूणसुद्धा बंद. त्या गटारीला अंबरनाथच्या आमच्या कंपनीतला मित्र जेवता जेवता म्हणाला, "तुझ्या त्या डिप्रेशनच्या कॅप्सूलचं कव्हर जनावराच्या हाडांचं असतं, माहितीये ना?" झालं! डॉक्टरांना कशाला विचारायचं, महिन्याभराचा तर प्रश्न. मी कॅप्सूल बंद केली. बायकोला सांगितलंही नाही.

चार-पाच दिवसांत डोकं ठिकाणावर राहिना. मान वळवली की आत झटका बसे, पायाखालची फरशी सरके. बसवेना, पडवेना. जाहिरात बघून रडू येई आणि कुकरच्या शिटीचा संताप. उपासाचा अशक्तपणा असेल, म्हणून मी केळी वाढवली. केळ्यांनी काय होणार, कपाळ!

रविवारी बायकोला साडी घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेलो. सिंधी दुकानदार साड्यांवर साड्या उलगडत होता आणि मला गरगरत होतं. "बस करो ना यार! दिमाग खराब कर दिया!" मी ओरडलो आणि साड्यांचा ढीग ढकलून दिला.

"साईं, बैठो, पानी पियो," तो बिचारा म्हणाला. मला तिथेच हुंदका फुटला.

बायकोने मला बाहेर आणलं. गेल्या वर्षीच्या आजारात जीव द्यायचे विचार मी तिलाच सांगितले होते.

"परत तसं वाटतंय का हो?" तिने भर बाजारात विचारलं. तेव्हा कुठे मी कॅप्सूलचं सांगितलं. तिने तिथूनच फोन करून डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, "आजार उलटलेला दिसत नाही. औषध एकदम तोडल्याचा त्रास आहे हा. कव्हर नको असेल तर दुसरं काही बघू, पण हळूहळू. आज हीच घ्या."

घरी आल्यावर बायकोने कॅप्सूल माझ्या हातावर ठेवली. मी घुटमळलो.

"अगं, आज श्रावणी सोमवार."

तिचा सकाळपासून निरंकार उपास होता. श्रावणात तिने घरात कधी अंडंही येऊ दिलेलं नाही.

"गिळा," ती म्हणाली. "पाप लागलं तर मला लागू दे."

मी गिळली. ती तशीच देवासमोर गेली आणि नाक घासून आली.