गाडी थांबवण्यापुरती वीज

तारांना डाग देताना उठणारा राळेचा तो उग्र-गोडसर धूर अजून कुठे दरवळला, की नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली पुणतांब्याची एक भाद्रपदी दुपार माझ्याभोवती उभी राहते. खिडकीबाहेर कणसांनी निसवलेल्या बाजरीवरून गोदावरीकडचा वारा वाहतो आहे, आणि आत खोलीभर मांडलेल्या फळ्यांवर ह्यांची छंदाची छोटी रेल्वे घाट-पुलांसकट निश्चल पडली आहे.

ह्यांच्या स्नायूंतली शक्ती ओसरत चालली होती. साखर कारखान्यातला हा इलेक्ट्रिशियन आधी अडखळू लागला, मग खुर्चीला खिळला, मग शब्दही जड झाले. डॉक्टरांनी औषध नाही एवढेच सांगितले. उजव्या अंगठ्यात तेवढा जीव उरला होता. हे कळताच, पूर्वी ही डिजिटल रेल्वे धाडणाऱ्या माझ्या जर्मनीतल्या भावाने बिनतारी हँडसेट पाठवला. खुर्चीतून बटण दाबायचे, रुळांशेजारच्या रिसीव्हरने तो संदेश झेलायचा, तारेने रुळांत सोडायचा आणि इंजिनाने तो मानायचा.

पण इंजिन घाट चढू लागले, की रिसीव्हरचा दिवा विझे आणि इंजिन मात्र शेवटची आज्ञा घेऊन धावतच राही. एकदा ते तसेच वळणावरून सुटून फरशीवर आदळले. ह्यांचा अंगठा थांबवायचे बटण दाबतच होता. त्यानंतर ह्यांनी हँडसेटकडे पाहणेच सोडले, आणि तो अंगठा रोज थोडा थोडा मावळतो आहे हे दिसत असल्याने मीच रिसीव्हरच्या दिव्यासमोर बसू लागले.

दिवा नेमका इंजिनाला ओढ पडते तेव्हाच मंदावतो, हे पाहून पाहून माझ्या लक्षात आले. दोघांना एकच ट्रान्सफॉर्मर. इंजिनाने घोट घेतला की रिसीव्हर उपाशी. त्याला वेगळी, बारा व्होल्टची वीज हवी होती. पडवीत ह्यांची मोटारसायकल धूळ खात होती. शेजारच्या रशीदभाईंनी तिची बॅटरी चार्ज करून आणून दिली.

"वैनी, बारा व्होल्टचीच हाय. लावा बिनघोर."

संदेशाची तार तशीच ठेवून मी रिसीव्हरच्या विजेच्या तारा बॅटरीला जोडल्या. दिवा लख्ख लागला, इंजिन हलेना. पुन्हा डाग दिला, पुन्हा तेच. शेवटी हातातली सोल्डरिंग गन बाजूला टाकून मी फरशीवर बसून ह्यांच्यासमोर पहिल्यांदाच हमसून रडले.

"मायनस," खुर्चीतून घोगरा आवाज आला. बऱ्याच वेळाने पुढचा शब्द उमटला. "एक... कर."

बॅटरीची काळी, मायनसची तार मी रेल्वेच्या काळ्या तारेला जोडली; संदेशाला परतीची वाट मिळाली. इंजिन घाट चढले, दिवा तेवतच राहिला.

आता हे गाडी मनसोक्त पळवतील, अशी माझी समजूत होती. ह्यांनी ती उतारावर आणली आणि थांबवली. पुन्हा सोडली, पुलावर थांबवली. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत हे नुसते थांबवत राहिले, आणि दर थांब्याला चेहऱ्यावर तृप्ती पसरे.

थंडीत तो अंगठाही गेला, आणि पुढच्या उन्हाळ्यात हे. मी मात्र त्या दुपारी पाहिले होते, की ज्या देहातले काहीच आता ह्यांच्या सांगण्याने थांबत नव्हते, त्या देहात बसून एक माणूस, आपल्या सांगण्याने काहीतरी थांबावे, एवढेच मागत होता. ते मागणे लहान होते की फार मोठे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.