आण्णांनी रोटाव्हेटर मला विचारून घेतला

चाकणच्या एका कारखान्यात मी पाती तपासते. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला रोटाव्हेटर ढेकळं फोडत माती भुसभुशीत करत जातो, त्याची ही पाती. भट्टीतून निघून, तेलात विझून, गार झाली की ती माझ्या टेबलावर येतात. भोकांमधलं अंतर गेजला लावायचं, वाक साच्यावर ठेवून बघायचा आणि प्रत्येक क्रेटमधली दोन-चार पाती मशीनखाली धरून पुरेशी कडक झालीत का ते पाहायचं. नापास झालेलं पातं लाल क्रेटमध्ये. सहा वर्षं मी हेच करतेय.

पास झालेली पाती पुढे दोन रंगांत रंगायची. एक रंग नावाजलेल्या, महागड्या कंपनीचा आणि दुसरा स्वस्तातल्या कंपनीचा. पोलाद एक, भट्टी एक आणि तपासणारी मीही एकच. आपल्याला हे ठाऊक आहे, दुकानात जाणाऱ्याला ठाऊक नाही, याची मला मनातून गंमत वाटायची.

माझं माहेर खेड तालुक्यातलं. माझ्या वडिलांकडे, आण्णांकडे, ट्रॅक्टर होता, पण रोटाव्हेटर नव्हता. शेजाऱ्याचा भाड्यानं आणायचा, तर त्याचं स्वतःचं रान झाल्याशिवाय तो सुटायचा नाही. तोवर वापसा निघून जायचा. रानाला पाणी दिल्यावर माती चिकटतही नाही आणि वाळूनही जात नाही, असे दोन-तीन दिवस मिळतात. तेवढ्यातच काम उरकावं लागतं. शेवटी आण्णांनी स्वतःचाच घ्यायचं ठरवलं आणि मला फोन केला.

घरात शेतीचं काहीही घ्यायचं असलं की माझ्या भावाला विचारायची रीत होती. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि वर्षात दोनदा रानात पाय ठेवतो, पण पाइप असोत की मोटार, विचारायचं त्यालाच. या वेळी आण्णा मला म्हणाले, "तू त्या पात्यांच्यातच असतीस. मंग तूच सांग, कंचा घ्यायचा."

मी थेरगावच्या घरी भाकरी थापत होते. फोन ठेवला आणि नवऱ्याला दोनदा सांगितलं की आण्णांनी मला विचारलंय.

सुट्टीच्या दिवशी आण्णा आणि मी चाकणला दुकानं बघायला गेलो. पहिलं दुकान महागड्या कंपनीचं. तिथल्या माणसानं बाजूचं झाकण उघडून आतले जाड गिअर दाखवले, ऑइल कुठवर असावं ते सांगितलं. आण्णा मात्र त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. तिथं सुट्या भागांची मांडणी होती, बेअरिंग, सील, गिअर, सगळ्यांवर चिठ्ठ्या. आण्णांनी एक गिअर हातात घेतला, वजन करावं तसा खालीवर केला आणि परत ठेवला.

दुसऱ्या दुकानात स्वस्तातला होता. रंग छान, वजनाला थोडा हलका. किमतीत बराच फरक. मी खाली वाकून पाती बघितली, बोटानं कड चाचपली आणि आण्णांना बाजूला घेऊन माझं गुपित सांगितलं. म्हटलं, "आण्णा, दोन्हींची पाती माझ्याच टेबलावरनं जातात. नुसत्या रंगाचे जास्त पैसे कशाला द्यायचे?"

ते म्हणाले, "आमचं रान दगडाचं हाय पर."

"पाती टिकतील. मी सांगते ना."

आण्णांनी तोच घेतला. मी या दुसऱ्या दुकानात झाकण उघडायला सांगितलं नाही. सुचलंच नाही. माझ्या लेखी रोटाव्हेटर म्हणजे पाती.

पावसाळ्यात तो नीट चालला. आण्णांनी गावात दोघा-तिघांची रानंही करून दिली. मग कांद्याची लागण आली. रोप तयार होतं, रान ओलवून झालं होतं, लागणीच्या बायकांना सांगून ठेवलं होतं. वापशाच्या पहिल्याच सकाळी रोटाव्हेटरमध्ये दगड अडकला, मोठा आवाज झाला आणि फिरणं थांबलं. बाजूचं झाकण उघडलं तर गिअरचे चार दात तुटून ऑइलमध्ये पडलेले. पाती जशीच्या तशी होती.

आण्णांचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत दुकानाला फोन लावला. तो भाग शिल्लक नाही, कंपनीकडून मागवू, परवा येईल, असं ते म्हणाले. परवा फोन केला तर पुन्हा परवा म्हणाले. त्याच दिवशी मी शिफ्ट सुटल्यावर दुकानातच जाऊन बसले. त्या माणसानं माझ्यासमोर दोन फोन केले, पाणी दिलं आणि सांगितलं, "ताई, आमच्या हातात काही नाही." तो खोटं बोलत नव्हता, ते मला कळत होतं. त्याच्याशी भांडायचं ठरवून गेले होते, पण नुसती उठून आले.

मग आण्णांनी तुटका गिअर एसटीनं पाठवला. तो पिशवीत घालून मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या कारागिरानं तो उलटसुलट करून पाहिला. धातूच हलका वापरलाय, म्हणाला. नवा कापून देतो, पण कडक करायचं काम तुम्ही दुसरीकडून करून घ्या. दोन दिवसांत त्यानं गिअर दिला.

कडक करायची भट्टी तर मी रोज बघत होते. साहेबांना विचारलं, आपल्या पात्यांबरोबर एवढा एक तुकडा जाऊ द्याल का. ते रागावले नाहीत. बाहेरचा भाग आत आणायचा तर गेटवर नोंद होते, त्यांना जाब द्यावा लागेल, आणि शिवाय गिअरची रीत वेगळी, पात्याच्या भट्टीत तो कडक होईल पण ठिसूळ निघेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. सहा वर्षं त्या भट्टीसमोर उभी राहून मला हे माहीत नव्हतं. शेवटी एका छोट्या कारखान्यात तो दिला. तिथं मोठ्या कंपन्यांचा माल आधी, आपला एक नग मागे.

रोज संध्याकाळी मी आण्णांना फोन करायचे. रान वाळत चाललं होतं. रोप जून होत होतं. लागणीच्या बायका दुसऱ्याकडे गेल्या. शेजाऱ्यानं अर्धा दिवस त्याचा रोटाव्हेटर दिला, तेवढ्यात थोडं रान झालं. मी दरवेळी काय झालं, किती राहिलं ते विचारायचे आणि आण्णा म्हणायचे, "असू दे. तू कामावर लक्ष दे." एकदा मीच म्हणाले, चुकलं माझं. त्यावर त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

गिअर बसला तोवर निम्म्या रानात पुन्हा पाणी सोडून वापशाची वाट बघावी लागली. जून झालेलं रोप लावलं. त्या भागातला कांदा बारीकच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात जत्रेला गेले तर गोठ्याशेजारी दुसराच रोटाव्हेटर उभा होता, महागड्या कंपनीचा. आईकडून कळलं की जुना बदल्यात देऊन हा आणला. भावानं फोनवरून चौकशी केली होती आणि तालुक्याला सुटे भाग मिळतात ना, हे त्यानं आधी विचारून घेतलं होतं. हे सगळं दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं. त्या दोन महिन्यांत मी आण्णांशी कितीदा तरी बोलले असेन.

आण्णा बैलांचं वैरणपाणी करून आले. मी विचारलं, "मला सांगितलं नाहीत?"

ते टोपी काढून गुडघ्यावर झटकत म्हणाले, "तुला उगं घोर लागला आसता."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी नव्या अवजाराभोवती एक फेरी मारली. सवयीनं पात्याला हात गेला, तो मागे घेतला. आई आतून जेवायला बोलवत होती. भाऊ आधीच पाटावर बसला होता आणि आण्णा त्याला विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी विचारत आत गेले.