पहिल्यांदा काय दिसलं?

चष्म्याच्या दुकानात काचेचा चुरा रोज झाडून टाकता येतो, किस्से नाही टाकता येत. ते साठतच जातात! आमचं दुकान पालमच्या बस स्टँडसमोर. दुकान भावाचं, काउंटर माझं, आणि आतल्या खोलीत डोळे तपासायला, काचा घासायला नासिरभाई. नऊ वर्षं झाली आम्हा तिघांना. नासिरभाईंचं एकच म्हणणं असतं, "ताई, चष्मा बनवणं काहीच नाही. तो नाकावर टिकवणं, वो असली काम!"

मला एक वेगळीच खोड आहे. पहिल्यांदा चष्मा घातलेल्या माणसाला मी विचारतेच, "काय दिसलं?" भाऊ चिडतो, "अगं, गिऱ्हाईक आहे ते, मुलाखत कसली घेतीस?" पण राहवत नाही, काय करू!

* * *

वाचता न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे एक तक्ता आहे. त्यावर नुसत्या तीन दातांच्या फण्या. दात कोणीकडे आहेत ते सांगायचं, बस्. पण आमच्याकडची जुनी माणसं डावं-उजवं सांगत नाहीत. ती गावाची दिशा सांगतात!

"हे सोनपेठकडं. हे नांदेडकडं. हे आभाळाकडं. आन् हे, बारकं, पुन्ना सोनपेठकडं."

नासिरभाई सरावले. डावं म्हणजे सोनपेठ, उजवं म्हणजे नांदेड. कागदावर टिक करत जायचं.

एका दिवाळीत रंगकाम झालं आणि भावानं खुर्ची समोरच्या भिंतीला लावली, तक्ता खुर्चीच्या जुन्या जागी. दुसऱ्या दिवशी एक आजोबा बसले. पहिलीच, चांगली हातभर फणी, तीही चुकली. नासिरभाईंनी काचा बदलल्या. परत चूक. पाच काचा झाल्या, सहा झाल्या. भाईंना घाम फुटला. बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "ताई, या माणसाला परभणीला मोठ्या डॉक्टरकडे पाठवावं लागतंय."

मी आत डोकावले. म्हटलं, "भाई, आजोबांची नजर ठीक आहे. खुर्ची फिरलीय, सोनपेठ आता उजव्या हाताला!"

आजोबा शांतपणे म्हणाले, "म्या मनलं, या भाईला रस्ते ठावं न्हाईत."

* * *

एक बाई चष्मा घेऊन आली. दोन्ही काड्या फाकून नाकावरून घसरायला लागलेला. दोनच महिने झाले होते. मी विचारलं, "झोपता काय यावर?"

"न्हाई वो ताई. आमी नीट वापरतोय."

या 'आमी'वर मी कान टवकारले. खोदून विचारलं तर कळलं, गल्लीतल्या पाच जणी दुपारी मिळून गोधडी शिवतात. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. मग काय, चष्मा गोधडीवर मधोमध ठेवायचा आणि जिचा दोरा संपला तिनं घालायचा! पाचही डोकी वेगवेगळ्या मापाची.

नासिरभाई स्क्रू आवळत म्हणाले, "बाई, हा चष्मा नाही, गल्लीचा नळ आहे."

"तर वो! आन् पानी सगळ्यायला पुरतंय," बाई खुशीत म्हणाली.

* * *

एका आजींना जवळचा चष्मा दिला. घातल्या घातल्या म्हणाल्या, "अगं बया, माज्या हातावर किती रेघा!" आणि हसत घरी गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांची सून आली. चेहरा पडलेला. आजींनी घरी जाऊन पहिलं काम केलं ते सुनेनं निवडलेले तांदूळ परातीत ओतून बघायचं. खडे निघाले, किडे निघाले. मग डाळ. मग पोळीचं पीठ चाळणीतून पुन्हा. मग पातेल्याचं बूड! "इतकी वर्षं आमी किडे खाल्ले का?" म्हणून दोन दिवस घर डोक्यावर घेतलेलं.

सुनेनं इकडेतिकडे बघितलं, काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "ताई, त्या चष्म्याचा नंबर जरा कमी करता येतो का?"

* * *

लिंबाजीबाबा आणि वेणूबाई मेंढरं राखतात. मुलगा गणेश कामाला बाहेरगावी. बाजारच्या दिवशी दोघं आले तेव्हा बाबांचा हात वेणूबाईंच्या खांद्यावर होता. वीतभर अंतरापलीकडे बाबांना सगळं धुकं. लहानपणापासूनच. तीस वर्षं वेणूबाई कळपाच्या पुढं आणि बाबा खांदा धरून मागं, असंच दोघांनी रान पायाखाली घातलेलं. वाटेत खड्डा आला, नाला आला, कुणाचं शेत आलं, सगळं त्या बोलत जायच्या.

त्याच त्यांना ओढत घेऊन आल्या होत्या. "म्या किती दिस यांचे डोळे व्हायचं?"

मोठा नंबर निघाला. काचा जाड. दोन दिवसांनी दोघं न्यायला आले. बाबांनी चष्मा लावला, दारात गेले आणि वर बघत उभेच राहिले. मी विचारलं, "बाबा, काय दिसलं?"

"ही तार कवा ओढली?"

"आवं, लग्नाच्या आदीपासून हाय ती!" वेणूबाई म्हणाल्या.

"मग सांगितलं न्हाईस ते!"

तीस वर्षं सगळं सांगितलं, पण विजेची तार सांगायची राहून गेली. वेणूबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

* * *

पुढच्या बाजारी दोघं परत आले, आणि किस्सा वेणूबाईंनीच सांगितला. पाण्यावर यांचा कळप आणि शेजारच्या बिराजीचा कळप एकत्र झाले. एरवी बाबा नुसत्या बें-बें वरून आपली मेंढरं ओळखायचे. पण आता चष्मा! बाबांना पहिल्यांदाच मेंढरांच्या पाठीवरचा लाल रंग दिसला. खूण दिसली म्हटल्यावर ऐकायचं कशाला? लाल तेवढी हाकलली आणि घरी आणली.

बिराजीची मेंढरंसुद्धा लालच! संध्याकाळी अकरा जास्त भरली. बिराजी काठी घेऊन दारात.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आन् कान देऊन अकराची अकरा येगळी काढून दिली."

बाबा लाजले. पण चष्मा सोडला नाही त्यांनी. मला लय बरं वाटलं, खरंच. नासिरभाईंनी तर चहा मागवला.

* * *

त्यानंतर एकदा वेणूबाई एकट्याच आल्या. काउंटरसमोर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि मग निघालं. आता बाबा एकटेच कळपामागं जातात. म्हणतात, "मला दिसायलंय, तू उन्हात कशाला? बस घरी सावलीला."

"माज्याच भल्याचं बोलतेत," त्या म्हणाल्या. "पर ताई, दिवसभर भित्तीसंगं बोलू का?"

चष्मा दिला तो आम्हीच.

उठता उठता त्यांनी विचारलं, "चष्मा फुटला तर नवा किती दिसात मिळतो?"

"दोन दिवसांत देतो की."

वेणूबाईंनी पिशवी उचलली. "म्हयना लावा," म्हणाल्या, आणि गेल्या.

* * *

गेल्या बाजारी लिंबाजीबाबा आले. एकटेच दुकानात शिरले. वेणूबाई रस्त्यापलीकडे स्टँडच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेल्या. मी म्हटलं, झालं, फुटला!

पण चष्मा धडधाकट होता, बाबांच्या डोळ्यांवरच.

"ताई, घट डबी द्या एखादी. बंडीच्या आतल्या खिशात मावंल अशी. मेंढराची धडक बसली तरी काच फुटू नये."

मी पोलादी डबी काढून दिली. त्यांनी ती उघडून मिटून बघितली, खिशात मावते का ते बघितलं. मग दारात गेले आणि रस्त्यापलीकडे बघत राहिले, बराच वेळ. मी नेहमीसारखं विचारलं, "बाबा, काय दिसलं?"

"केस लय पांढरे झाले की हिचे."

मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डबीत घातला आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. पायरीवर उभं राहून एक हात पुढं केला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं ए गणेशच्या माय! रस्ता कुनीकडं हाय?"

वेणूबाई ताडकन उठल्या. पिशवी तिथंच टाकून धावत निघाल्या.

"आवं, थांबा तितंच! पाऊल उचलू नगा, गाडी यायलीय!"