आत्याची नाबाद खेळी

आमची आत्या व्हिडिओ गेमच्या क्रिकेटमध्ये कधीच आउट व्हायची नाही. चांगली खेळायची म्हणून नव्हे. बॉल निघून गेल्यावर ती बॅट फिरवायची. पण तिच्या घरचा नियम होता, बॉलिंग करणाऱ्यानं ओरडून अपील केल्याशिवाय आउट नाही. आणि बॉलिंग करायचो मी. मला तर वर्गात शेजारच्याकडे पेन मागायलाही धीर गोळा करावा लागे.

मंगळवेढ्याजवळच्या गावाहून कॉलेजसाठी मी जिल्ह्याच्या गावी, तिथल्या भवानी पेठेत तिच्याकडे राहायला आलो. घरातून कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे तिथं चुकायचं कसं हेही कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचा मुलगा संतोषदादा पुण्याला नोकरीला. त्याच्या शाळेच्या दिवसांतला टीव्हीगेम तिनं माझ्यासाठी माळ्यावरून काढला, पिवळी कॅसेट पदरानं पुसली. टॉवेलांच्या कडा शिवून झाल्या की ती शिलाई मशीन झाकायची आणि म्हणायची, "चल, आज तुझी जिरवते."

दांडी उडायची. नवा बॅट्समन चालत यायचा. मी पुटपुटायचो, "हाऊज दॅट."

"काय म्हनलास?"

"काही नाही."

"मग न्हाय आउट. ह्यो तोच हाय, हेल्मेट बदलून आलाय."

दुसऱ्या वर्षी कॉलेजातही हेच झालं. हजेरीला माझं "येस सर" पुढच्या बाकापर्यंतच पोचायचं. रोज वर्गात बसून मी वर्षभर गैरहजर ठरलो. सर म्हणाले, हजेरी कमी आहे, परीक्षेला बसता येणार नाही. मी घरी येऊन रडलो. आत्या जवळ घेईल असं वाटलं होतं; तिची शिलाईसुद्धा थांबली नाही.

"तू वर्गात व्हतास?"

"हो."

"सरबी व्हते?"

"हो."

"मग अपील कुटं केलीस रं?"

त्याच आठवड्यात ती नातवाला सांभाळायला कायमची पुण्याला निघाली. जायच्या दिवशी सकाळीच तिनं मला बजावलं, "मला सोडायला येऊ नगंस. आदी सरांकडं जा."

सरांच्या दाराशी मी बराच वेळ चपला नीट लावत राहिलो. मग आत शिरून "सर, मी रोज होतो!" असं इतक्या जोरात म्हणालो की त्यांचा चहा सांडला. "हळू, मी बहिरा नाही," ते म्हणाले. माझ्या बाकावरच्या दोघांना बोलावून त्यांनी खात्री केली आणि फॉर्म भरायला सांगितलं.

धावत स्टँडवर पोचलो तेव्हा पुण्याची गाडी सुरू झाली होती. खिडकीत आत्या. मी म्हणालो, "झालं." तिनं कानाला हात लावला. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू जाईना. मग मी ओरडलो, "आत्या, परीक्षेला बसतोय!" अख्खा फलाट वळून बघू लागला. आत्यानं हात खिडकीबाहेर काढला आणि अंपायरसारखं एक बोट वर केलं. पहिल्यांदाच ती आउट झाली होती.

कंडक्टर आतून ओरडला, "एक मिनिटबिनिट काय न्हाय मावशी, हात आत घ्या!" आणि त्यानं घंटी दिली.