माझ्या हातचा इंजिनिअर

तुम्ही कधी आपल्या नवऱ्याला परस्पर इंजिनिअर करून टाकलंय का? मी केलंय. हसू नका, ऐका आधी!

आमचे हे मिस्त्री. मालवणच्या किनाऱ्याला आमच्या गावात तीस वर्षं घरं बांधतायत. एकही भिंत अजून वाकलेली नाही. गावातली माणसं त्यांना मिस्त्री म्हणतात, कधीमधी कौतुकाने ‘इंजिनेर’ही. मला ते इतकं गोड वाटायचं, की त्यांच्या वाढदिवसाला मी बाजारातून रबरी शिक्का करून आणला. वर ह्यांचं नाव, खाली ‘सिव्हिल इंजिनिअर’.

ह्यांनी बघितला आणि म्हणाले, “ह्यो खंय मारूचो? तुझ्या कपाळार?” आणि दिला कपाटात टाकून.

एवढ्यावर थांबलं असतं तर! पण हे दोन दिवस रेडीला कामाला गेले, आणि शेजारची सुलू धावत आली. तिला घरावर माडी चढवायची होती.

“वयनी, नकाशार इंजिनेराचो शिक्को होयो म्हणतत. तुमच्याकडे आसा मा?”

आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? मारला! वर फुंकर घालून वाळवलासुद्धा. काय तो तोरा माझा!

चौथ्या दिवशी सुलू रडवेली होऊन दारात. “वयनी, तालुक्याचो सायब इचारता, ह्यो इंजिनेर खयचो? परवान्याचो नंबर खंय? उद्या जागा बघूक येतलो. खोटो निघालो तर पोलिसांत देतलो म्हणता!”

शिक्क्यावर नाव कोणाचं? ह्यांचं! बेडी कोणाला? ह्यांनाच! हे तर रेडीहून येऊन निवांत पेज जेवत होते. सांगायला तोंडच उघडेना. मग आपल्याकडे माणूस अडला की कुठे जातो? मीही नारळ घेतला आणि थेट देवळात गेले.

गुरवकाकांच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, “काका, गाऱ्हाणा घाला. पण हळू हां!”

आता मला सांगा, देवापुढचं गाऱ्हाणं कधी हळू घालतात का? काकांनी नारळ उचलला आणि समुद्रापर्यंत जाईल असा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजाऽ! ह्या लेकरान घोवाच्या नावान इंजिनेराचो खोटो शिक्को केल्यान...”

“होय म्हाराजा!” जमलेली माणसं ओरडली.

“तो सुलूच्या नकाशार मारल्यान...”

“होय म्हाराजा!”

“उद्या तालुक्याचो सायब येतलो, तेच्या डोळ्यार पडदो घाल...”

“होय महाराजा!” ह्या वेळी मागून एक शहरी आवाज जरा जास्तच खणखणीत आला.

वळून बघते तर पायजम्यातली माणसं एकीकडे आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ एकीकडे. साहेब! एक दिवस आधीच आलेले, आणि कामाआधी देवाला नमस्कार करायला थांबलेले.

“ताई, पडद्याला थोडा उशीर झाला,” ते म्हणाले. मग हसू पुसून म्हणाले, “मिस्त्री उत्तम असतील हो. पण जुन्या भिंती माडीचा भार पेलतील का, हे शिकलेल्या माणसाने तपासायचं असतं. माडी बसली तर खाली सुलूताईंची मुलं आहेत.”

ती मुलं रोज माझ्याच ओटीवर खेळतात.

तेवढ्यात कोणीतरी ह्यांना बोलावून आणलं. साहेबांनी शिक्का मागवून जप्त केला, माझ्याकडून चूक लिहून घेतली आणि सुलूला परवानाधारक इंजिनिअरचा नकाशा आणायला सांगून अर्ज परत केला. पोलीस नाहीत, बेडी नाही. सुटले म्हणून मी रडले.

हे मात्र वाटेत एवढंच म्हणाले, “तीस वर्षां लोक माका मेस्त्री म्हणतत. तां तुका कमी वाटला गो?”

मला रात्रभर झोप नाही.

सकाळी दार उघडलं, तर वरच्या वाडीतली तीन माणसं नकाशाच्या गुंडाळ्या घेऊन ओटीवर बसली होती. त्यांनी आदल्या दिवशी लांबून काकांचं गाऱ्हाणं तेवढं ऐकलं होतं, साहेबांचं बोलणं नाही, आणि त्यांना शिक्का मारून हवा होता.